मामलेदाराच्या खोलीतली चिलटं

दिवाळीच्या अंकासाठी झुरळं, ढेकूण आणि चिलटांवर लिहा म्हणणारा संपादक मला पहिल्यांदाच भेटला. मी म्हटलं, "अहो, लोक चकली खात खात वाचतील आणि मला शिव्या घालतील." ते हसले. म्हणाले, "खलीलभाई, धंद्यातल्या गमतीजमती लिहा, लोकांना आवडतं." गमती आहेत, नाही कशाला म्हणू. पण लिहायला बसलो की हात लातूरच्या एकाच घराकडे वळतो, आणि तिथं गंमत नाही. ज्यांना फराळ गोड लागावा असं वाटतं त्यांनी पुढचं पान उलटावं. माझा राग नाही.

मी नांदेडचा. आमचं घराणं ऊद-लोबान आणि अत्तर विकणारं. मी पाठीवर फवारणीचा पंप बांधला तेव्हा अब्बा महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. "अत्तारांच्या घरात जहर विकणारा पैदा झाला," एवढंच अम्मीला म्हणाले, मला ऐकू जाईल अशा आवाजात. पुढं त्यांच्याच दुकानातल्या शिसवी कपाटाला वाळवी लागली. मग काय, मलाच बोलावलं. मी काम करून राहिलो आणि हे मागं उभे राहून म्हणतात, "नीट मार. एकही कोपरा सोडू नको." मला धंदा शिकवणारे म्हणून मी त्यांचंच नाव सांगतो, पण तेव्हा डोकं फिरलं होतं.

लोकांना वाटतं पेस्ट कंट्रोल म्हणजे औषध मारणं. अरे बाबा, औषध मारायला काय लागतं? नळी धरायला हात असला की झालं. आमचं खरं काम म्हणजे शोधणं. कोणताही किडा उगीच येत नाही. त्याला ओल लागते, खायला लागतं आणि अंधार लागतो. ते कुठं आहे हे सापडलं तर अर्धं काम विनाऔषधाचं होतं. नाही सापडलं, तर टाकीभर औषध ओता, आठ दिवसांनी किडा पुन्हा हजर. मी घरात शिरलो की आधी नाकानं बघतो, मग टॉर्चनं. पण गिऱ्हाईक नाकानंच निकाल देतं. मुदखेडच्या एका बाईंनी तर मला परत बोलावलं होतं. "वासच आला न्हाई, तुमी पाणी मारून गेलात," म्हणाल्या. झुरळं मरून पडली होती, ती त्यांनीच सुपलीत भरून टाकली होती, तरी वास न्हाई म्हणून काम न्हाई! शेवटी बादलीभर पाण्यात फिनेल टाकून जिन्यावर शिंपडलं, तेव्हा त्यांचं समाधान झालं.

नायगावचे एक किराणावाले शेठ होते. त्यांना गोदामातले उंदीर जायला पाहिजेत, पण मारायचे नाहीत, कारण गणपतीचं वाहन. ठीक आहे, म्हटलं, पिंजरे लावू. लावले. रोज सकाळी शेठ स्वतः पिंजरा घेऊन निघायचे आणि लांब नेऊन सोडतो म्हणायचे. महिन्यानं त्याच बाजारातल्या दुसऱ्या किराणावाल्याचा मला फोन, "चाचा, लवकर या, अचानक लई उंदीर झालेत." मी दोघांनाही काही बोललो नाही. दोन्हीकडं काम केलं.

कासवांच्या भानगडीत मी पडलो ते अलीकडं. आता घराघरात हौशीनं कासव पाळायचं निघालंय. एक गोष्ट आधीच सांगतो, आपल्याकडचं पिवळ्या चांदण्यांच्या पाठीचं कासव घरात ठेवणं गुन्हा आहे. तसलं दिसलं की मी पायरीवरूनच माघारी फिरतो, आणि चार शब्द सुनावून फिरतो. पण परदेशातली काही कासवं लोक रीतसर कागद करून पाळतात. बाहेर ऊन लई, कुत्री लई, म्हणून घरातच मोठ्या लाकडी पेटीत माती भरून त्याचं घर करतात. वर दिवा लावतात, मातीत पाणी शिंपडतात, पाला घालतात, काकडी-पपई टाकतात. म्हणजे ओल, ऊब, अंधार आणि खाणं, सगळं एका जागी. तिथं चिलटं झाली नाहीत तरच नवल.

यात अवघड एकच. ज्या औषधानं चिलट मरतं, त्यानं कासव पण मरू शकतं. कासवाला पळता येत नाही, खोकता येत नाही, ओरडता येत नाही. नांदेडच्या एका माणसानं कासवाच्या मानेला गोचीड दिसली म्हणून शेळीला देतात ते इंजेक्शन त्याला टोचलं होतं. कासवाला ते विष. मी पोचलो तेव्हा त्याचे पाय ओल्या फडक्यागत लोंबत होते आणि डोळे उघडे होते. दोन दिवस लागले त्याला मरायला. त्यानंतर मी ठरवलं, कासवाच्या खोलीत बाटली उघडायची नाही. हातानं, कोरड्या वाळूनं, चिकट कार्डांनी जे होईल ते करायचं. नांदेड-लातूर पट्ट्यात असं काम करणारा मी एकटाच, असं लोक म्हणायला लागले. मला ते ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

म्हणून तर लातूरहून व्यंकटरावांचा फोन आला.

व्यंकटराव साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. शांत माणूस, मोजकं बोलणारा. त्यांच्या पत्नी मालनबाई शाळेत भूगोल शिकवायच्या. मी जायच्या दोन वर्षं आधी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू पुरती गेली, डावी बरीचशी गेली, बोलणं गेलं. डाव्या हाताची दोन बोटं तेवढी हलायची, आणि डोळे. मुलगा महेश पुण्यात नोकरीला. त्याचा एक मित्र परदेशी गेला, जाताना त्याचं कासव कागदांसकट यांच्या गळ्यात पडलं. दक्षिण अमेरिकेतलं, काळ्या पाठीचं, पायांवर लाल ठिपके. याला कोरडं चालत नाही, जंगलातल्या ओल्या मातीत राहणारी जात. सहा फुटांची पेटी ठेवायला मोठी जागा एकच, मालनबाईंची खोली. पेटी त्यांच्या पलंगाला लागून ठेवली, उंची अशी की उशीवरून सगळं दिसावं.

"आणि काय सांगू खलीलभाई," व्यंकटराव मला पहिल्या दिवशी म्हणाले, "सहा महिने ही छताकडं बघत होती. कासव आलं आणि हिची नजर फिरायला लागली. हा सकाळी निघतो, हद्दीचे चारी कोपरे बघून येतो, काम काडीचं नाही आणि जेवायला वेळेवर. मी त्याला मामलेदार म्हणायला लागलो, तर ही हसली. तोंडाची एकच बाजू हलली, पण हसली."

मी ते माझ्या डोळ्यांनी बघितलं. कासव पेटीच्या कडेनं निघालं की बाईंचे डोळे त्याच्याबरोबर निघायचे. ते पाल्याखाली शिरलं की त्या वाट बघायच्या. बाहेर आलं की दोन बोटं चादरीवर हलायची. डॉक्टर म्हणाले होते, नजर अशी फिरती राहू द्या, चांगलं लक्षण आहे. व्यंकटरावांना तेवढ्यावरच जगायचं होतं.

आणि त्या खोलीत चिलटं. बाईंच्या डोळ्यांच्या कडेला बसायची, नाकाशी जायची, आणि बाईंना हात हलवून हाकलता यायचं नाही. व्यंकटराव तासनतास पुठ्ठ्यानं वारा घालत बसायचे. महेशचा फोनवर रोज तगादा, कासव काढा, आईला काही झालं तर? व्यंकटराव म्हणाले, "खलीलभाई, चिलटं गेली तर कासव राहील. कासव राहिलं तर हिचे डोळे राहतील. आता तुम्हीच काय ते बघा."

असं काम मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, महिन्यात एक चिलट दिसणार न्हाई." तोंडातून निघून गेलं.

दर मंगळवारी अहमदपूरमार्गे एसटीनं लातूरला जायचो. पहिल्याच फेरीत वरची चार बोटं माती काढून टाकली, नवी घातली. चिलटं वरच्या ओल्या थरात अंडी घालतात, म्हणून वरून पाणी शिंपडणं बंद केलं आणि कोपऱ्यात नळी खुपसून तळाला पाणी द्यायला लावलं. खाली ओलं, वर कोरडं. कासवाला पाहिजे ते मिळतं, चिलटाला पाहिजे ते मिळत नाही. डासांच्या अळ्यांसाठी मिळते ती जिवाणूंची पावडर त्या पाण्यात टाकली, ती कासवाला बाधत नाही. काकडी-पपई ताटलीत द्यायची आणि तासाभरात उचलायची. मग चार पिवळी चिकट कार्डं लावली. एक पेटीला, एक खिडकीला, एक न्हाणीच्या दाराला, एक पलंगाच्या पायाशी. पिवळ्या रंगाकडं चिलटं जातात आणि चिकटतात. कार्ड बघून कळतं, किडा कुठं जास्त आणि कोणता.

खोलीत कपाट सरकवलं, तसबिरी काढून मागं बघितलं, पलंगाखाली पालथा पडून टॉर्च मारली. खाली फरशी लख्ख होती. गादीकडं मी बघितलं नाही.

आता हे समजून घ्या. दुसऱ्या कोणत्याही घरात मी पहिली गादी उलटतो. ढेकणाच्या कामात तर दुसरं काही करतच नाही. पण इथं गादीवर बाई होत्या. मी आत गेलो की दिवसभर त्यांची सेवा करणाऱ्या लताबाई चटकन बाईंच्या अंगावरची चादर गळ्यापर्यंत ओढायच्या, आणि मी तोंड भिंतीकडं फिरवायचो. परक्या बाईच्या अंथरुणाकडं नजर न्यायची नाही, हे आम्हाला घरात शिकवलेलं. त्यांच्या घरातही तेच. कपडे बदलायची वेळ झाली की लताबाई म्हणायच्या, "चाचा, तुमी जरा भायेर बसा," आणि मी आणि व्यंकटराव दोघंही बाहेर येऊन बसायचो.

एकदा व्यंकटराव स्वतःच बोलले. "सुरुवातीला मीच करायला गेलो होतो. तर हिच्या डोळ्यांतून पाणी. लाजली हो. चाळीस वर्षांचा संसार, पण लाजली. मग मी ते सोडलं. लताबाई सगळं बघते."

लताबाईंबद्दलही खरं ते लिहितो. ती बाई वाईट नव्हती. शेजारच्या खेड्यातून सकाळी यायची, संध्याकाळी जायची. भरल्या अंगाच्या बाईला एकटीनं कुशीवर वळवायचं म्हणजे दोन माणसांचं काम. हवेची गादी होती ती फुटली, म्हणून साधी गादी आणि वर मेणकापड घातलं होतं. ती व्यंकटरावांना एकदा म्हणाली होती, "मागं जरा लाल झालंय." त्यांनी पावडर आणून दिली. त्या खोलीत वासाच्या पावडरीचा इतका दरवळ असायचा की माझं नाकसुद्धा फसायचं. अत्ताराच्या पोराचं नाक!

दुसऱ्या मंगळवारी कार्डं काढली. पेटीजवळच्या कार्डावर चिलटं माझ्या अंदाजाच्या निम्मीच. मला आनंद झाला. मग पलंगाच्या पायाशी लावलेलं कार्ड काढलं. त्यावर पेटीजवळच्या कार्डापेक्षा जास्त. भिंग लावून बघितलं तर ही चिलटं वेगळी. मातीतलं चिलट बारीक, लांब पायांचं, डासासारखं. ही आखूड, पाठीला कुबड असलेली. उडण्यापेक्षा पळतात जास्त, भिंतीवर थांबत थांबत धावतात. लोक दोन्हींना चिलटंच म्हणतात. पण कुबडी माशी साध्या ओल्या मातीत येत नाही. ती सडलेल्यात येते. मेलेली पाल, तुंबलेली मोरी, कुजलेलं मांस.

मी ते कार्ड हातात धरून उभा होतो आणि माझी नजर कार्डावरून सरळ गादीकडं गेली. लताबाई समोर उभ्या होत्या. बाई माझ्याकडं बघत होत्या.  काय म्हणणार होतो? "बाईंना उचला, मला खाली बघायचंय"? माझ्यानं झालं नाही. मनानं लगेच दुसरं कारण शोधून दिलं, न्हाणीची मोरी असणार. मोरी उघडली, आत केसांचा आणि साबणाचा गाळ निघाला, म्हटलं, बघा, सापडलं. उकळतं पाणी ओतलं, जाळी बसवली. हात धुऊन व्यंकटरावांना सांगितलं, "आता फरक पडंल."

तिसऱ्या मंगळवारी पलंगाजवळचं कार्ड काळं झालेलं होतं. मी ते गुंडाळून पिशवीत टाकलं. पेटीतली माती पुन्हा चाळली. त्यात काहीही सापडलं नाही. कासव माझ्या हाताजवळ येऊन मान वर करून उभं राहिलं, मी त्याच्यावरच खेकसलो.

चौथ्या मंगळवारी मी खोलीतच होतो तेव्हा महेशचा फोन आला. व्यंकटरावांनी स्पीकर लावला.

"काका, तुम्ही जाणकार आहात," तो म्हणाला, "मला सरळ सांगा. चिलटांचं मूळ कासव आहे की नाही?"

व्यंकटराव माझ्याकडं बघत होते. बाईसुद्धा ऐकत होत्या, त्यांना सगळं समजत होतं.

मी म्हटलं, "ओली माती हाय तोवर चिलटं पुरती जाणार न्हाईत."

"म्हणजे हो ना?"

"हो."

हे मी का म्हटलं, ते लिहिल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही. महिना होत आला होता. मी छाती ठोकून शब्द दिला होता आणि चिलटं जात नव्हती. कासवावर ढकललं की माझी इज्जत राहत होती. मातीतली चिलटं तर मी केव्हाच आवरली होती, माझी पेटी स्वच्छ होती, हे मला ठाऊक होतं. उरली होती ती दुसरी, आणि ती कुठून येतात हे विचारायची माझी हिंमत नव्हती. एवढं सगळं ठाऊक असून मी हो म्हटलं.

व्यंकटरावांनी वाद घातला नाही. नांदेडला अशी कासवं पाळणारे माझ्या ओळखीचे एक गृहस्थ होते, त्यांच्याकडं रीतसर कागद बदलून द्यायचं ठरलं. त्याच आठवड्यात मी टोपलीत पाला घालून मामलेदाराला न्यायला आलो. उचलून टोपलीत ठेवला तेव्हा बाईंची दोन बोटं चादरीवर हलायला लागली. आधी हळू, मग जोरात. नखं चादरीवर घासल्याचा आवाज येत होता. घशातून एक आवाज निघाला, तो मी लिहू शकत नाही. लताबाई म्हणाल्या, "बाई, असं न्हाई करायचं, तुमच्याच भल्यासाठी हाय." व्यंकटराव बाहेर निघून गेले. मी टोपलीवर फडकं टाकलं आणि बस पकडली.

माती काढून नेली, पेटी धुऊन उन्हात ठेवली. खोलीत ओल म्हणून राहिली नाही. बाईंनी भिंतीकडं नजर फिरवली ती फिरवलीच.

आठच दिवसांनी व्यंकटरावांचा फोन. "खलीलभाई, चिलटं आहेतच. जास्त झालीत."

तो एसटीचा प्रवास मला आठवतो. मला कळलेलं होतं. अल्लाला सारखं म्हणत होतो, माझा अंदाज चुकू दे. एकदा तरी या धंद्यात मला चूक ठरव.

खोलीत गेलो. खिडकीचं आणि न्हाणीच्या दाराचं कार्ड कोरं. पलंगाच्या पायाशी लावलेल्या कार्डावर बोट ठेवायला जागा नव्हती. मेणकापडाच्या कडेनं एक कुबडी माशी बाहेर आली, थांबली, परत आत गेली. आता माझ्यापुढं ना माती होती ना मोरी.

मी भिंतीकडं तोंड करूनच म्हटलं, "लताबाई, बाईंना उचलून गादी बघा."

 लताबाई रडायला लागल्या. "चाचा, मी रोज धूत व्हते. रोज औशीद लावत व्हते. एकटीला उचलवत न्हाई हो. कामावरनं काढतील म्हणून सायबांना नीट बोलले न्हाई."

मी व्यंकटरावांना म्हटलं, "साहेब, तुम्ही आत या. आता तुम्हीच बघा." मी बाहेर ओसरीत जाऊन उभा राहिलो. आतून पलंग करकरल्याचा आवाज आला.  मग व्यंकटराव बाहेर आले आणि भिंतीला धरून खाली बसले. त्यांच्या तोंडातून एकच शब्द निघाला, "अळ्या." मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. पडून पडून झालेली जखम कंबरेच्या हाडापर्यंत गेली होती.

बाईंना त्याच दुपारी दवाखान्यात नेलं. गाडीत चढवताना मी आणि व्यंकटरावांनीच चादरीची दोन टोकं धरली. त्या दिवशी कुठली लाज आणि कुठला परका. डॉक्टरांनी जखम साफ केली, पण विष रक्तात उतरलं होतं. महेश पुण्याहून आला, आईच्या उशाशी बसून राहिला. बाई पाचव्या दिवशी गेल्या. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे आधी आणलं असतं तर जखम भरली असती. ते सहज म्हणाले, त्यांना काय माहीत.

तेरावा झाल्यावर मी लातूरला गेलो. बोलावलं नव्हतं, पण गेलो. महेश परत गेला होता. लताबाई येईनाशा झाल्या होत्या. व्यंकटराव त्या खोलीतच खुर्ची टाकून बसले होते. पलंग कुणाला तरी देऊन टाकला होता, पेटी भिंतीला उभी केली होती. मला म्हणाले, "बसा. मामलेदार कसा आहे?"

"बरा हाय, साहेब. खाऊन राहिला. परत आणू का?"

"नको. तो कुणासाठी फिरणार इथं?"

आम्ही बसलो. समोरच्या घरात कुणीतरी मसाला कुटत होतं. ते म्हणाले, "खलीलभाई, एक विचारतो. खरं सांगा. तुम्हाला कधी कळलं होतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. त्या शेवटच्या दिवशीच कळलं, एवढं म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता. घरून निघताना मी तेच ठरवून आलो होतो.

"दुसऱ्या मंगळवारी," मी म्हटलं. "ती माशी मातीतली न्हाई, हे मला त्याच दिवशी दिसलं होतं. शंका आली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"बाईमाणसाचं अंथरूण, साहेब. परक्यानं कसं म्हणायचं, उचला म्हणून? अन् नंतर... नंतर मला माझा शब्द खरा करायचा होता."

त्यांनी मला मारलं असतं तरी मी हात वर केला नसता. घराबाहेर हाकलतील, महेशला फोन लावतील, गावभर सांगतील, सगळ्याची मी तयारी ठेवली होती.  ते एवढंच म्हणाले, "तुम्ही परके होतात. मी तर नवरा होतो. मला कुणी अडवलं होतं?"

 नाही साहेब, चूक माझी, मी बोललो असतो तर तुम्ही बघितलं असतं, एवढं तरी म्हणायला पाहिजे होतं. ते खरंच होतं. पण दोष त्यांनी स्वतःवर घेतला आणि माझ्या छातीवरचं ओझं एकदम कमी झालं, म्हणून मी गप्प बसलो आणि त्यांना तो घेऊ दिला. अजूनही तो त्यांच्याकडंच आहे.